तुझ्या पेटीला मी गप्प बसू देणार नाही

दत्त्या, कावळा शिवला खरा, पण त्याच्या बदल्यात अण्णांनी तुला जे कबूल केलं ते मला मान्य नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुझा गैरसमज नको. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात, असं ह्या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सुचवलं. मी म्हटलं, गोड शब्द त्याला आवडायचे नाहीत आणि मला जमायचे नाहीत, भांडण चालेल का? ते बिचारे चालेल म्हणाले.

तुझ्याशी मी कधी असल्या छापील मराठीत बोलले नाही, हेही मला ठाऊक आहे. पण मालवणीत लिहायला बसले की एक तर रडू येतं, नाही तर शिव्या येतात, आणि दोन्ही कागदावर शोभत नाहीत. म्हणून ही कचेरीतली भाषा. सांभाळून घे.

दहाव्याचं सांगते. खाडीच्या काठावर बायकांनी यायचं नसतं, मी आले. माडाच्या सावलीत लांब उभी राहिले. सगळे वळून बघत राहिले. पिंड मांडून झाले, भटजी बाजूला झाले आणि सगळे माना वर करून बसले. कावळे होते, नव्हते असं नाही. समोर ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर ओळीनं बसले होते, पण एक हलेल तर शपथ. मग अण्णा पुढे झाले. तुझे थोरले भाऊ, सगळं आयुष्य माडा-पोफळीत गेलेलं, लग्नकार्यातही चार वाक्यं सलग न बोलणारे. ते हात जोडून एकेक गोष्ट तुला कबूल करायला लागले. तुझ्या बायकोला, म्हणजे आमच्या वैनीला, काही कमी पडू देणार नाही म्हणाले. कावळे ढिम्म. विहिरीचा पंप दुरुस्त करून घेतो म्हणाले, वर्षश्राद्ध नीट करतो म्हणाले. कावळे पंख साफ करत बसले. ऊन चढलं, भात वाळायला लागला, भटजींची चुळबूळ सुरू झाली. शेवटी अण्णांचा आवाज फुटला.

"दत्ता, तुझ्या पेटीच्या बटनाक कोणच हात लावचो नाय. जशी ठेवलंस तशीच रवतली."

आणि एक कावळा उतरला. त्यानं चोच मारली, भात उडवला. अण्णा तिथंच वाळूत बसून ढसाढसा रडले, आणि मग सगळेच रडले. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

पण मी आणखी एक गोष्ट बघितली. पिंडाच्या अगदी जवळ एक पिवळा कुत्रा वाळूत पसरला होता. अण्णांचं बोलणं चालू असतानाच तो उठला, अंग झाडलं आणि माडांकडे निघून गेला. कावळे त्या कुत्र्याला भीत होते, दत्त्या. तुझ्या पेटीशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. पण हे त्या घटकेला कुणाला सांगणार? वाळूत बसून रडणाऱ्या माणसाला कुत्र्याची गोष्ट ऐकवण्याइतकी मी दुष्ट नाही. तेवढ्यात अख्ख्या वाडीला कळलं की दत्त्याचा जीव पेटीत अडकला होता आणि आता तो सुटला.

ज्यांनी तुझी पेटी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. शिरोड्यात तिला पेटी म्हणत असले तरी ती हार्मोनियम नव्हे. ती ॲनालॉग सिंथेसायझर. मुंबईत स्टुडिओत वाजवायचास तेव्हा घेतलेली आणि मुंबई सोडून गावी आलास तेव्हा पोटच्या पोराला धरावं तशी मांडीवर घेऊन एसटीतून आणलेली. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, आणि त्यांच्या वर फिरवायच्या बटणांची दाटी. हिच्यात विजेच्या प्रवाहातूनच आवाज तयार होतो. कुठलं बटण किती फिरवलंय त्यावर तो ठरतो, आणि तो साठवून ठेवायची सोय हिच्यात नाही. माझ्या डिजिटल यंत्रात आवाजाला नाव द्यायचं, ठेवून द्यायचा, उद्या बोलावला की जसाच्या तसा हजर. तुझ्या पेटीत एखादं बटण केसभर सरकलं की कालचा आवाज गेला. मग तो तुलाही सापडायचा नाही.

म्हणून अण्णांचं बोलणं वेडेपणाचं नव्हतं. तू दुपारी जेवलास, थोडा वेळ पेटीशी बसलास, मग जरा पडतो म्हणून आत गेलास आणि उठलाच नाहीस. ती बटणं तू ठेवलीस तशीच राहिली होती. तुझा शेवटचा आवाज त्या बटणांत आहे, असं अण्णांना वाटलं. वैनीलाही वाटलं. मला वाटलं नसेल का?

पण मला ती पेटीही ठाऊक आहे आणि शिरोड्याचा वाराही. समुद्र एका बाजूला, मिठागरं दुसऱ्या बाजूला. तुमच्याकडे दाराची कडी दोन पावसाळ्यांत गंजून हातात येते. अशा हवेत ते यंत्र बंद करून, चादर पांघरून ठेवलं तर आतला पत्रा गंजेल, बटणं खरखरायला लागतील, आणि पुढच्या वर्षी ती एक शोभेची फळी असेल. ही यंत्रं चालू राहिली, तापत राहिली, फिरत राहिली तरच जगतात. हे मला कुणी शिकवलं? तूच. रोज तासभर तरी तिला वाजवायलाच हवी, नाही तर ती रुसते, असं सांगून तू लग्नाच्या पंगतीतनं उठून जायचास. आणि आता तुझ्याच नावानं तिला उपाशी मारायचं ठरलंय. मी हे होऊ देणार नाही. दहाव्याहून परत मालवणला येताना एसटीत मी हेच ठरवलं.

आता गंमत बघ. आयुष्यभर मी तुझ्या त्या पेटीला नावं ठेवली आणि आज तिची बाजू घेऊन मलाच भांडावं लागतंय. तू असतास तर केवढा खूश झाला असतास. होऊ नकोस. पेटी जगली पाहिजे असं मी म्हणते, तू बरोबर होतास असं नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी तेव्हा मालवणातल्या एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायची. लग्नं, वाढदिवस, गणपतीचे कार्यक्रम. व्हायोलिनचं बटण दाबलं की व्हायोलिन, बासरीचं दाबलं की बासरी. तू कुणाच्या तरी रिसेप्शनला आला होतास. जेवणाची प्लेट हातात घेऊन स्टेजपाशी उभा राहिलास आणि गाणं संपल्यावर मला विचारलंस, हा आवाज कुठल्या फॅक्टरीतला? मी तुला चांगलंच फैलावर घेतलं. ओळख ना पाळख, आणि हा शहाणा माझ्या वाद्याला फॅक्टरीचा माल म्हणतोय. तू शांतपणे कोलंबी खात ऐकून घेतलंस आणि म्हणालास, हात चांगला आहे तुझा, शिरोड्याला ये, आवाज कसा करतात ते दाखवतो.

मी आले, तुझं थोबाड बंद करायला. तू मला पेटीसमोर बसवलंस आणि एकच पट्टी दाबून धरायला सांगितलीस. दोन आवाज एकाच सुरात लावलेस, मग त्यातला एक अगदी जरासा हलवलास. दोघांमध्ये एक संथ लाट उठायला लागली. आणखी हलवलास, लाट जलद झाली. मग फिल्टर हळूहळू उघडत नेलास. म्हणजे आधी भिंतीमागून आल्यासारखा दबका आवाज, आणि बटण फिरेल तसा तो समोर येत गेला. दुपारभर मी एकाच पट्टीवर बोट ठेवून बसले होते. वैनी चहा देऊन गेली तो गार झाला. त्याआधी इतकी वर्षं वाजवत होते, पण आवाज आतून कसा असतो हे मला त्या दुपारी कळलं. ह्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण तू लगेच डोक्यावर बसला असतास. आता बसायची सोय नाही तर मानते. तू मला कान दिलेस, दत्त्या. ते माझ्याकडे आहेत.

पण घरी जाऊन मी काय केलं, आठवतं? तोच आवाज माझ्या डिजिटल यंत्रात तयार केला, साठवला, त्याला 'शिरोडा' नाव दिलं आणि पुढच्या खेपेला तुला ऐकवला. तुझा चेहरा असा झाला की जणू मी तुझ्या अंगणातला माड तोडून नेला. तू म्हणालास, ह्यात लाट दर वेळी त्याच जागी येते. मी म्हटलं, यायलाच हवी, मी सांगितलीय. तिथून जो वाद सुरू झाला तो शेवटच्या फोनपर्यंत चालला.

तुझं म्हणणं असं की जो आवाज हवा तेव्हा परत मिळतो तो माणूस नीट ऐकतच नाही. माझं म्हणणं असं की हे कौतुक घरात बसणाऱ्यांना परवडतं. ज्याला संध्याकाळी लोकांसमोर वाजवायचंय त्याला कालचा आवाज आज हवाच असतो. ह्यावर तू नेहमी विषय बदलायचास. आपल्याकडे कणकवलीपासून, सावंतवाडीपासून पोरं यायची, इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय, पहिलं यंत्र कुठलं घेऊ विचारायला. तू म्हणायचास, ॲनालॉग घे, बोटांना अक्कल येईल. मी म्हणायचे, डिजिटल घे, एका यंत्रात दहा जणांचं काम होईल आणि पावसाळ्यात रडावं लागणार नाही. मग आपली जुंपायची आणि तो गरीब मुलगा वैनीच्या हातचे खापरोळे खाऊन रिकाम्या हातानं घरी जायचा. एकानं शेवटी तबला घेतला म्हणे.

आणि देवळातली ती संध्याकाळ? ती तर मी मरेपर्यंत सांगणार आहे. तुला पेटी दमटपणापासून वाचवायची होती. घरात सगळ्यात कोरडी जागा कुठली? मागची खोली, जिथं वैनीच्या देवगडच्या माहेरून आलेले हापूस गवतात आढी घालून पिकत होते. गवत कोरडं, म्हणून खोली कोरडी, असा तुझा हिशोब. आढीत आंबा पिकताना केवढी ऊब सुटते हे शिरोड्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पण तुला नाही सुचलं. त्या उबेत पेटी दोन दिवस ठेवलीस, तिथंच तिचा सूर भजनीबुवांच्या हार्मोनियमशी जुळवलास आणि टेकडीवरच्या देवळात वाऱ्यावर आणून मांडलीस. ॲनालॉग यंत्र ते, हवा बदलली की सूर बदलतो. बुवांनी पहिला अभंग उचलला तोवर ठीक होतं. दुसऱ्या अभंगाला पेटी गार होत गेली आणि तुझा सूर घसरायला लागला. बुवा एकीकडे, तू दुसरीकडे, आणि सगळ्या सभामंडपाला पिकल्या आंब्याचा वास. बुवांनी वळून बघितलं. मीही माझं यंत्र घेऊन तुझ्या शेजारी साथीला बसले होते; मी तुझा आवाज बंद केला, माझ्या यंत्रातला 'शिरोडा' काढला आणि भजन निभावून नेलं.

भजन संपल्यावर बुवांनी माइकवरून तुझे आभार मानले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही; देवळात बाई वाद्याला बसली हेच त्यांना मुळात रुचलं नव्हतं. तू उठलास, त्यांच्या हातातून माइक घेतलास आणि सगळ्या गावासमोर म्हणालास, "सूर तिना सांभाळल्यान. माझो पडलो." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं आणि आनंदानं ओरडावंसंही वाटलं. माझ्यासाठी असं कुणी आजवर बोललं नव्हतं, घरच्यांनीही नाही.

आणि मग रिक्षात बसलो आणि तू सुरू झालास. पेटी बरोबर होती, हार्मोनियमच चढी होती. बुवांचा कान गेलाय. मी आढीची ऊब काढली तर म्हणालास, आंब्याला दोष देऊ नको. मी हात टेकले. म्हटलं, माझ्या यंत्राचा सूर गार झाला नाही की गरम झाला नाही, त्याचं काय? त्यावर, माझ्या यंत्राबरोबर वाजवायचंच नाही असं सांगताना, तू जे बोललास ते मी विसरणार नाही. "तुझ्या यंत्राक घाम येणा नाय. ज्येका घाम येणा नाय तेच्या वांगडा माका वाजवूचा नाय." रिक्षावाला हसला, मी नाही हसले. मी म्हटलं, माझ्या यंत्राला येत नसेल, मला येतो. तू रस्ताभर बाहेर बघत बसलास.

तू गेल्यापासून लोक मला एकच विचारतात. शेवटचं बोलणं काय झालं गं तुमचं? त्यांना वाटतं मी डोळ्याला पदर लावून काहीतरी सांगेन. भांडण झालं. आपल्या दोघांच्या सावंतवाडीच्या कार्यक्रमात तुला काहीही न ठरवता, रिकाम्या बटणांनी स्टेजवर जायचं होतं. लोकांसमोरच आवाज घडवायचा होता. मी म्हटलं, तू घडवत बसशील तोवर लोक चहाला जातील. तू म्हणालास, जाऊ देत. मी म्हटलं, मग एकटाच जा, आणि फोन ठेवला. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. आपण जसे बोलायचो तसेच शेवटी बोललो. तुला आजारी माणसासारखं गोंजारून बोलले असते तर तूच घाबरला असतास. वाईट एवढंच वाटतं की दुसऱ्या दिवशी तू फोन करून, रात्रभर विचार केलाय असं सांगून, पुन्हा तेच म्हणाला असतास, आणि ते मला ऐकायला मिळालं नाही.

सुतक फिटल्यावर मी शिरोड्याला गेले. वेंगुर्ल्यात एसटी बदलली आणि मनात सगळी वाक्यं जुळवत आले. खरं सांगायचं तर पर्समध्ये माझं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. दत्त्याचा शेवटचा आवाज निदान एकदा पकडून ठेवायचा, हा माझा विचार. तुला पटला नसता, मला माहीत आहे. पण तू मला विचारून गेला नाहीस, मग मी तुला का विचारू?

तुझ्या खोलीत पेटीवर पांढरी चादर होती आणि चादरीवर झेंडूचा हार. अक्षरशः समाधी. वैनी दारात उभी, अण्णा खुर्चीवर. मी अण्णांना सगळं सांगितलं, गंजाचं, खाऱ्या वाऱ्याचं, पावसाळ्याचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे, मी फिरवणार नाही. त्यांचंही खरंच होतं. कुत्र्याची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती, मी ती गिळली. मी म्हटलं, बटणांना हात लावत नाही, फक्त चालू करते आणि एक पट्टी दाबते. तुम्हाला ऐकायचा नाही का तो आवाज? अण्णा वैनीकडे बघायला लागले. वैनीनं येऊन स्वतः हार काढला, चादर काढली.

पेटी चालू केली. तिला तापायला वेळ लागतो, म्हणून आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. वैनीनं हात जोडले होते. मी पर्समधलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं, ते सुरू केलं आणि पट्टी दाबली.

काही नाही. एवढासाही आवाज नाही.

अण्णांनी मला मोडलीस का विचारलं. मी दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. वायर बघितली, स्पीकर बघितला, सगळं जागच्या जागी. मग मी बटणांकडे नीट बघितलं. फिल्टर पार बंद होता. मधलं मोठं बटण डावीकडे टेकेपर्यंत फिरवलेलं. आणि माझ्या लक्षात आलं. तू वाजवून उठताना नेहमी तेच करायचास. आवाज झटकन तोडायचा नाही, फिल्टर हळूहळू मिटवत न्यायचा, अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत, आणि मग उठायचं. त्या दुपारी तू वाजवणं अर्धवट टाकून गेला नव्हतास. संपवून गेला होतास. वाडीतली माणसं, अण्णा, वैनी, मी, सगळे मिळून एका मिटवलेल्या आवाजाची राखण करत होतो.

हे मी वैनीला सांगितलं. सोपं करून, हळू सांगितलं. ती पेटीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मगे ह्येच्यात तेंचा काय रवला?"

"काय नाय, वैनी," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे शब्द कसे निघाले, मला माहीत नाही.

वैनीनं काढलेल्या चादरीची घडी घातली. मग म्हणाली, उघड. अण्णा खुर्चीतून उठले. कावळ्यासमोर दिलेला शब्द, सगळ्या गावानं ऐकलेला, तो मोडला तर उद्या काही बरंवाईट झालं तर, असं बरंच बोलले. अण्णा एवढं सलग बोललेले मी दहाव्यानंतर तेव्हाच ऐकले. वैनीनं त्यांना पुरं बोलू दिलं. पदर खोचला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"कावळ्याचा मी बघतंय. तू सांग, खयचा बटन फिरवूचा?"

मी तिला ते मोठं बटण दाखवलं आणि पट्टी दाबून धरली. तिनं दोन बोटांनी बटण धरलं, गॅस बारीक करताना धरतात तसं, आणि फिरवायला लागली. आधी काहीच नाही. मग खालून, फार दुरून, आवाज यायला लागला. दोन सूर जवळजवळ एकच, पण नव्हेत, आणि मध्ये ती संथ लाट. वैनी म्हणाली, "ह्योच. जेवान करताना ह्योच आयकाक येय." तिनं बटण आणखी फिरवलं. आवाज खोलीभर झाला. अण्णा दाराची चौकट धरून उभे होते, बाहेर गेले नाहीत. मग वैनीनं मला न विचारता शेजारचं बटण फिरवलं, मग त्याच्या पलीकडचं. सूर फाटला, किंचाळला, पार खाली जाऊन घरघरला. तुझी मांडणी पाच मिनिटांत कुठल्या कुठे गेली. ती रडत होती आणि फिरवत होती. मी तिला थांबवलं नाही.

आता ती रोज तासभर वाजवते. वाजवते म्हणजे काय, बटणं फिरवते. तिला सूर कळत नाही, तालाशी तर संबंधच नाही, पण पेटी खरखरत नाही. अण्णांनी खोलीच्या खिडकीला नवी झडप लावून दिली, खारा वारा सरळ आत येऊ नये म्हणून. कावळ्याचा विषय ते काढत नाहीत. यंत्र कुठलं घेऊ विचारणारी मुलं आता माझ्याकडे मालवणला येतात. मी अजून डिजिटलच घ्या सांगते, पण आधी शिरोड्याला पाठवते, वैनीकडे एक दुपार बसून या म्हणून. ह्यात तुझा विजय शोधू नकोस. मुलांना दोन्ही बाजू कळाव्यात एवढंच.

आणि हो, मी रेकॉर्ड केलं. मांडीवरचं यंत्र सगळा वेळ चालू होतं. वैनीनं बटण फिरवलं तिथपासून तुझा आवाज फाटला तिथपर्यंत सगळं त्यात आहे, अण्णांचा खोकला धरून. घरी आल्यावर मी त्यातला तुझा तेवढाच भाग कापून घेतला, दोन सूर आणि मधली लाट, आणि माझ्या की-बोर्डच्या एका पट्टीवर बसवला. अगदी डावीकडच्या शेवटच्या. दाबली की तू, जसाच्या तसा, कधीही, कितीही वेळा. ह्याचसाठी तर मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले. बसवल्यावर एकदा दाबून बघितली. हुबेहूब होता.

त्यानंतर ती पट्टी मी दाबलेली नाही. रोज वाजवते, सावंतवाडीलाही एकटी जाऊन वाजवून आले, हात त्या टोकापर्यंत जातो आणि अलीकडूनच परत येतो. पण पुसणारही नाही, दत्त्या, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि ह्याचा अर्थ तू बरोबर होतास असा कुणी काढू नये. ह्याचा अर्थ एवढाच की तू मेलास.